तासलेला चेहरा

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखात्याला लागून, मास्तरांची खोली होती. धुलाईयंत्रांची घरघर दिवसभर भिंतीतून यायची आणि फळीवरच्या बरण्या एकमेकींना लागून बारीक किणकिणायच्या. मास्तरांना ती ऐकूही येत नसे. सुट्टीच्या दिवशी यंत्रं बंद असली की मात्र त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

त्यांनी आयुष्यात एकाही वर्गावर शिकवलं नव्हतं. पण त्यांच्या हाताखाली काम शिकलेली माणसं चार गावच्या रुग्णालयांत होती, म्हणून ते मास्तर. काम म्हणजे मुखवटे करणं. नाटकातले नव्हेत. भाजलेल्या, फाटलेल्या, व्रण वर आलेल्या चेहऱ्यांवर दाब राहावा म्हणून बांधायचे पारदर्शक मुखवटे. लोकांना ऐकून मोठं विचित्र वाटे. मास्तरांना ते सुतारकामाइतकं साधं वाटे.

रुग्णाला आडवं झोपवायचं, चेहऱ्यावर ओला लगदा थापायचा, तो घट्ट झाला की अलगद उचलायचा. त्या खोलगट साच्यात प्लास्टर ओतलं की दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा पांढराफटक चेहरा हातात येई, डोळे मिटलेला, व्रणासकट. मग खरं कसब. प्लास्टरवर जिथे व्रणाचा उंचवटा असेल तिथे कानस चालवायची आणि तो दोन मिलिमीटर तासायचा. त्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा बसवायचा. असा मुखवटा बांधला की तासलेल्या जागी नेमका तेवढाच दाब बसतो. महिन्याने व्रण थोडा बसला की पुन्हा तासायचं, पुन्हा नवा मुखवटा. मात्र दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कधीच नाही. "कातडीला पटवावं लागतं," मास्तर शिकाऊ माणसांना सांगायचे. "दमदाटी केली की ती हट्टाला पेटते."

सगळ्यात हट्टी केलॉइड. साधा व्रण जखमेच्या हद्दीत राहतो. केलॉइडला हद्द ठाऊक नसते. जखम भरून झाली हे कातडीच्या लक्षातच येत नाही, ती भरतच राहते, कडेच्या चांगल्या कातडीवर पाय पसरते. गुळगुळीत, टणक, गुलाबी. केलॉइड खाजतो, ठणकतो. आणि नुसता कापला तर दुपटीने परत येतो. कापायचाच तर मागोमाग इंजेक्शनं हवीत, दाब हवा, काही वेळा किरणांचा उपचार हवा, आणि महिनोन्‌महिने धीर हवा. हे सगळं मास्तरांना तोंडपाठ होतं.

तरी त्यांनी स्वतःच्या लेकीचा व्रण कापून घेतला.

एकुलती एक लेक. बालवर्गाला शिकवायची. डाव्या जबड्यावर, कानाच्या खाली, एक पुळी आली आणि तिने ती फोडली. वर्षभरात तिथे करंगळीएवढा केलॉइड झाला. एक दिवस वर्गातल्या एका चिमुरडीने विचारलं, "टीचर, तुमच्या गालाला काय चिकटलंय? मी काढू?" लेक घरी येऊन हसत हसत ते सांगायला लागली आणि मध्येच रडायला लागली. मास्तरांना ते बघवेना. रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई सहा महिन्यांच्या सुट्टीवर होत्या. मास्तर लेकीला म्हणाले, "एकदाच काय ते काढून टाकू," आणि ओळखीच्या एका सर्जनकडे घेऊन गेले. पंधरा मिनिटांचं काम. चार महिने जबडा कसा स्वच्छ होता. बायकोने आरशासमोर लेकीची दृष्ट काढायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

पाचव्या महिन्यात तो परत आला. आता अंगठ्याएवढा, कानाच्या पाळीपासून हनुवटीच्या दिशेने सरकणारा. लेकीने नोकरी सोडली, मग बाहेर जाणं सोडलं. ती बापाला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मास्तरांना जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई परत आल्यावर त्यांनी मास्तरांना समोर बसवून फैलावर घेतलं. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर समजू शकले असते. तुम्ही, मास्तर? तुम्ही?"

मास्तर मान खाली घालून बसले.  घाई झाली होती, एवढंच खरं होतं.

इंजेक्शनं सुरू झाली. व्रणाच्या आत, टणक मांसात सुई घालून औषध ढकलायचं. लेक रुमाल दातांत धरायची. दोन इंजेक्शनं झाल्यावर आजूबाजूची कातडी पातळ पडायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी ती थांबवली. व्रण मात्र जसाच्या तसा. मास्तरांनी कॅलिपर लावून उंची मोजली होती. आधी नऊ मिलिमीटर, नंतरही नऊ.

"आता तुमच्यावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाब देऊन बघा. वर्ष-दीड वर्ष लागेल. दिवसाचे तेवीस तास मुखवटा, तासभर धुण्यापुसण्यापुरता काढायचा. आणि घाई नको."

मास्तरांनी लेकीचा चेहरा घडवला. त्या दिवशी त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. प्लास्टर सुकल्यावर तो पांढरा चेहरा त्यांनी आधी नुसताच हातात धरला, पण काम म्हणजे काम. दोन मिलिमीटर तासलं. मुखवटा केला, घरी नेऊन दिला.

महिन्याने व्रण मोजला. सात.

मास्तरांच्या जिवात जीव आला. पुन्हा दोन तासले, नवा मुखवटा. पुढच्या महिन्यात पाच. त्याच्या पुढच्या महिन्यात तीन. डॉक्टरीणबाईंनी त्यांची पाठ थोपटली. बायकोने कितीतरी दिवसांनी घरात रेडिओ लावला.

पण मास्तरांना मनातून काहीतरी बोचत होतं. त्यांनी आपली जुनी वही काढून बघितली. बत्तीस वर्षांतले शेकडो व्रण होते तिच्यात. कोणी महिन्यात अर्धा मिलिमीटर बसला होता, कोणी एक, कोणी तीन महिने हलला नव्हता. कातडी कधी फुटपट्टी बघून वागत नाही. लेकीचाच व्रण काय तो, त्यांनी जेवढा तासला तेवढाच, केसभर कमी नाही की जास्त नाही, खाली बसत होता.

चौथ्यांदा तासताना कानस घसरली.

बत्तीस वर्षांत असं दोनदाच झालं असेल. हनुवटीच्या मधोमध, व्रणापासून लांब, एक तिरपी रेघ उमटली. तांदळाच्या दाण्याएवढी लांब. मास्तर स्वतःवरच चरफडले, पण तिथे दाब तसाही द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी ती रेघ तशीच सोडली.

संध्याकाळी घरी गेले तर लेक आरशासमोर उभी होती.

"बाबा, हे बघा ना. हनुवटीला काय झालंय?"

तिरपी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी. रक्त नाही, ओरखडा नाही. कातडीच तेवढी आत गेलेली.

"कधी झालं?"

"दुपारी. दुखलं नाही की काही नाही. उशीची घडी उमटली असेल."

मास्तरांनी बोट लावून पाहिलं. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मुखवटा नीट बांधतेस ना?"

 लेकीने आईकडे पाहिलं. बायको लगबगीने स्वयंपाकघरात गेली, तेव्हाच मास्तरांना कळायचं ते कळलं.

"रागावू नका," लेक म्हणाली. "पहिले चार दिवस घातला. मला त्यात गुदमरायला होतं, बाबा. सगळे मुखवटे कपाटात आहेत. तुम्ही इतक्या हौसेने करत होता, आणि व्रण तर जातच होता. मग कशाला सांगायचं, म्हटलं."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. 

दुसऱ्या दिवशी तळघरात येऊन त्यांनी तो चेहरा फळीवरून काढला आणि टेबलावर ठेवला. बराच वेळ नुसते बघत बसले. ते काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. प्लास्टर म्हणजे भुकटी आणि पाणी. त्यांनी स्वतः कालवलेलं. जबड्याचा उंचवटा आता एक मिलिमीटरच उरला होता, आणि सकाळी लेकीचा मोजला तेव्हाही एकच भरला होता. त्यांनी ठरवलं, आता या चेहऱ्याला हात लावायचा नाही. जे झालं ते भल्याचंच झालं. चेहरा कापडात गुंडाळून त्यांनी कपाटात वरच्या खणात ठेवला.

आठ दिवस बरे गेले.

नवव्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशी दारात थांबल्या. खोली पुसताना त्या कधी कशाला नाक मुरडत नसत.

"मास्तर, कपाटात काय ठेवलंय?"

"का?"

"काल धूळ झाडायला ते गाठोडं बाजूला केलं. ऊन लागलं हाताला." त्यांनी हात पदराला पुसला. "चहा सांडला का म्हणून बघितलं. कोरडंच होतं."

मावशी गेल्यावर मास्तरांनी कापड सोडलं.

हनुवटीवरची रेघ भरून आली होती. भरून थांबली नव्हती. तिच्या जागी वाटाण्याएवढा उंचवटा होता, गुळगुळीत, आणि बाकीचं प्लास्टर खडूसारखं रखरखीत असताना तेवढाच भाग चकाकत होता. जबड्यावरचा भागही वर आला होता. जिथे जिथे कानस चालली होती तिथे सगळीकडे, आणि तासलेल्या जागेच्या बाहेरही. एक पाय कानाकडे गेला होता, एक ओठांच्या कोपऱ्याकडे.

मास्तरांनी घरी फोन लावला. बायकोने उचलला. "अहो, मी तुम्हालाच करणार होते," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

चार दिवसांत व्रण ओठांपर्यंत पोचला. लेकीला तोंड पुरतं उघडेना. पाणी प्यायला गेली की डाव्या बाजूने गळायचं. ती बोलायची तेव्हा अर्धे शब्द आतच राहायचे, म्हणून तिने बोलणं बंद केलं आणि पाटी घेऊन बसली. बालवर्गातलीच पाटी, लाकडी चौकटीची. तिच्यावर तिने लिहिलं, 'तोंड बंद होईल का?' मास्तरांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. 

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "केलॉइड असा वाढत नाही, मास्तर. चार दिवसांत तर नाहीच. दुसरं काही नाही ना, याची खात्री करून घ्यायला हवी. परवा एक तुकडा कापून तपासायला पाठवू."

"कापून?"

"दुसरा इलाज नाही."

मास्तर तळघरात आले. दुपारची वेळ होती, यंत्रं घरघरत होती. त्यांनी चेहरा टेबलावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि कानस हातात घेतली.

उंचवटा आता खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर चढला होता. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. सगळं तासून टाकायचं. मुळापासून. दोन नाही, तीन नाही, पार गालाच्या पातळीला आणायचं. इकडे तासलं की तिकडे बसतं, हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या सकाळी पोरगी हसत उठेल. एकदाच काय ते.

कानस टेकवली.

आणि त्यांचा हात थांबला. हेच ते बोलले होते. याच शब्दांत, लेकीला सर्जनकडे नेताना.

 तीन महिने ते काय करत होते, ते त्यांना आत्ता कळलं. ते दाब देत नव्हतेच. मुखवटे कपाटात पडले होते. ते नुसतं कापत होते. महिन्यामागून महिने, इंजेक्शनाशिवाय, दाबाशिवाय. ज्या चुकीवरून शिकाऊ माणसांना त्यांनी जन्मभर धारेवर धरलं, तीच चूक.

त्यांनी कानस ठेवून दिली. उंचवट्यावर अंगठा टेकवला. तो ऊन होता, आणि अंगठ्याखाली अगदी किंचित दबला.

मास्तर घरी धावले. "मुखवटे दे," ते लेकीला म्हणाले.

तिने पाटीवर लिहिलं, 'घालू?'

"नको. मला हवेत."

शेवटचा मुखवटा सगळ्यात आवळ होता. तळघरात येऊन त्यांनी तो प्लास्टरच्या चेहऱ्यावर बसवला, पट्टे मागे नेले आणि कमरपट्ट्यासारखं एकेक भोकाचं घर पुढे घेत घट्ट केले. फार नाही. व्रणाचा रंग उतरून फिका पडेल इतपत, जसं ते प्रत्येक रुग्णाला करत. प्लास्टरवरचा तो चकाकणारा भाग खरोखरच फिका पडला. मास्तरांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसून राहिले.

तासाभराने फोन वाजला. बायको होती.

"अहो, ती म्हणतेय... म्हणजे लिहितेय, तोंडावर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखं वाटतंय."

"दुखतंय?"

 पाटीवर खडूची खरखर ऐकू आली.

"नाही म्हणते. बरं वाटतंय म्हणते."

ठरलेला दिवस आला तेव्हा व्रण ओठांवरून मागे सरला होता. डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढायचं पुढे ढकललं, मग रद्दच केलं.

मास्तरांनी नेम धरला. सकाळी नऊला मुखवटा काढायचा, तो आणि चेहरा दोन्ही ओल्या फडक्याने पुसायचे, व्रण मोजायचा, दहाला पुन्हा बांधायचा. तेवीस तास. सुट्टीच्या दिवशीही ते तळघरात हजर. बायको चिडायची, "असं काय पुरून ठेवलंय तिथे?" मास्तर हसण्यावारी न्यायचे. तीन-चार महिने ते कुठल्या लग्नाकार्याला गेले नाहीत, एकदा अंगात ताप असताना आले.

व्रण खऱ्या केलॉइडसारखा बसू लागला. कधी अर्धा मिलिमीटर, कधी काहीच नाही, कधी पाव. वहीतले आकडे वेडेवाकडे पडू लागले, आणि ते बघून मास्तरांना इतका आनंद झाला की एकदा ते एकटेच मोठ्याने हसले. हनुवटीवरचा वाटाणा सपाट झाला. जबड्यावर शेवटी एक फिकट, मऊ रेघ उरली, जवळून बघितलं तरच दिसेल अशी. लेक बोलू लागली. महिनाभराचं साठलेलं सगळं बोलू लागली. शाळेने तिला परत बोलावलं.

त्याच सुमाराला एका सकाळी नऊ वाजता मुखवटा काढला तर तो आतून ओला होता.

सगळीकडे नाही. नाकाखाली आणि ओठांसमोर, रुपयाएवढ्या जागेत प्लास्टिकवर वाफ धरली होती. प्लास्टर दमट असतं, मास्तर स्वतःशी म्हणाले. पण हे प्लास्टर सात महिने सुकलेलं होतं. त्यांनी फडक्याने मुखवटा पुसला, चेहऱ्यावर धरला आणि बघत राहिले.

पुसलेल्या जागी वाफ हळूहळू परत आली. विरली. परत आली.

त्यांनी पट्टे बांधले. घरं बरोबर मोजली.

लेकीचा शाळेचा पहिला दिवस होता त्या सकाळी थंडी कडाक्याची पडली. तिघंही फाटकाशी उभे होते. बायको तिला डबा नीट धर, मफलर गुंडाळ, असं सांगत होती आणि प्रत्येक शब्दागणिक तिच्या तोंडातून वाफेचा लोट निघत होता. मास्तरांनी हात चोळून त्यांवर फुंकर घातली, तर त्यांच्याही तोंडातून.

लेक मुलांबद्दल बोलत होती. कोण आता केवढं झालं असेल, कोण ओळखेल, कोण रडेल. बोलता बोलता ती खळखळून हसली, तोंड भरून, कितीतरी महिन्यांनी. मास्तर तिच्या अगदी समोर उभे होते. तिच्या ओठांसमोरची हवा स्वच्छ होती, वाफेचा मागमूस नव्हता.